श्वासापुरती जागा

माझ्या आईची सीडी आमच्या सोसायटीत कबुतरं हाकलायला वापरतात. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ती दोऱ्याला बांधून गॅलरीत टांगली आहे. वाऱ्यावर ती गरागरा फिरते आणि सकाळी उन्हाची तिरीप थेट आमच्या जिन्यावर फेकते. त्यांना बोलायला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आले. बोलणार काय? वीसेक वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईनेच ती त्यांना वाण म्हणून दिली होती. बायका स्टीलच्या वाट्या देतात, आईने स्वतःच्या आवाजाची सीडी दिली. त्यातल्या किती जणींच्या घरी सीडी वाजायची सोय होती, देव जाणे.

आई पनवेलच्या एका शाळेत गाणं शिकवायची. ती निवृत्त झाली तेव्हा मी म्हटलं, तुझी आठ भजनं रेकॉर्ड करू. मी तेव्हा साउंड इंजिनियर म्हणून नवी होते, म्हणजे कळत थोडं होतं आणि माज भरपूर होता. रेकॉर्डिंग मी केलं, मिक्सिंग मी केलं आणि शेवटचा हातही मीच फिरवला. त्या शेवटच्या हाताला आमच्या धंद्यात मास्टरिंग म्हणतात. पोरीला शाळेत पाठवण्याआधी वेणी घालतात ना, तसलं ते काम. मी वेणी फार घट्ट घातली.

आईला दमा होता. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की पहाटे खिडक्या लावून घ्यायच्या हा आमच्या घरचा नियम, तरी तिच्या छातीत बारीक शिट्टी वाजायचीच. प्रत्येक ओळीआधी ती जो श्वास घ्यायची तो माइकमध्ये लख्ख यायचा. मी बसून एकेक श्वास शोधला आणि पुसला. आठ भजनांतला एकही सोडला नाही. जिथे ती दमून ओळीच्या मधेच थांबली होती तिथे दुसऱ्या वेळचा तुकडा आणून जोडला, की दोन ओळी एका दमात गायल्यासारख्या वाटाव्यात. मग सगळ्याचा आवाज वर दाबून सपाट केला. त्या काळात सगळे तेच करत होते. शेजारच्याच्या सीडीपेक्षा आपली सीडी मोठ्याने वाजली पाहिजे, एवढंच वेड होतं. सीडीला ते चालतंही. तिच्यावर नुसते आकडे असतात, हळू काय आणि जोरात काय, जागा तेवढीच लागते.

तयार सीडी आईने शेवटपर्यंत ऐकली. मग हसून म्हणाली, "अगं, यात मी श्वास कधी घेते?"

मी म्हटलं, "आई, सीडीत तसंच असतं."

तिने मान डोलावली. पोरगी शिकलेली आहे, तिला कळत असेल, असा तिचा माझ्यावर विश्वास होता. मूळ रेकॉर्डिंग ज्या हार्डडिस्कवर होतं ती मी पुढच्याच महिन्यात पुसून तिच्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओचा आवाज भरला. हार्डडिस्क महाग होत्या. आणि आई काय, स्वयंपाकघरात होतीच की.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटचे तीन दिवस बाबा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून तिचे श्वास मोजत होते. मी डबा घेऊन गेले की ते बोट वर करून मला थांबवायचे, तिचा पुढचा श्वास येईपर्यंत. तो आला की बोट खाली. एकदा बोट वरच राहिलं.

त्यानंतर बाबा रोज दुपारी चारच्या चहाबरोबर तिची सीडी लावायला लागले. मला बरंच वाटलं. म्हातारा माणूस, बायकोची भजनं ऐकतोय, यात वाईट काय? भजन सुरू झालं की त्यांना खोकल्याची उबळ येते हे मला ऐकू यायचं, पण बाबांची फुफ्फुसं तशीही तोळामासाच. तीस वर्षं तळोज्याच्या एका केमिकल फॅक्टरीत पाळ्या केलेल्या. मी कानाडोळा केला. ज्या बाईचं पोट कानांवर चालतं तिने असा कानाडोळा करावा याची मला आजही लाज वाटते.

गेल्या वर्षी एका दुपारी मी त्यांच्या समोरच बसले होते. तिसरं भजन चालू होतं, आणि बाबांची छाती हलत नव्हती. डोळे उघडे, कप हातात, ओठ मिटलेले. चेहरा हळूहळू काळवंडत गेला. मी जोरात हाक मारली तेव्हा त्यांनी भसकन श्वास घेतला, चहा सगळा मांडीवर सांडला आणि पुढची दहा मिनिटं ते खोकत राहिले.

"बाबा, काय होत होतं?"

"ही श्वास घेत नाही ना," ते म्हणाले. "ती घेईल मग मी घेईन, असं होतं. मुद्दाम नाही करत मी. चाळीस वर्षांची सवय आहे."

मी ती सीडी त्यानंतर एकटीने, हेडफोन लावून ऐकली. आई गेल्यापासून माझी हिंमत झाली नव्हती. बाबांचं खरं होतं. एक बाई ओळीमागून ओळ गात होती, गोड, सुरेल, आणि तिला हवाच लागत नव्हती. आई जिवंत असताना, धडधाकट बसून गात असताना, मी तिला तसं करून ठेवलं होतं. मला भीती वाटली, आणि ती अंधाराची वगैरे नव्हती. आपल्याच हातांची होती.

डॉक्टरांनी सांगितलं, ऐकणं बंद करा, एखाद दिवस चक्कर येऊन पडतील. बाबांनी ऐकून घेतलं आणि चारला सीडी लावली. मी लपवली तर कपाटातून दुसरी काढली, वाटून उरलेल्या पन्नास-साठ होत्याच घरी. मी चिडले, ते चिडले. शेवटी ते म्हणाले, "मग रेकॉर्ड करून दे हिची, जुनी काळी तबकडी असते तशी. रेकॉर्डवर माणसं श्वास घेतात. मी ऐकलंय." लग्नाआधीपासूनचा त्यांचा रेकॉर्ड प्लेअर अजून चालतो, आणि त्यांना यंत्रातलं काही कळत नसलं तरी हे त्यांनी बरोबर ऐकलं होतं.

एकच रेकॉर्ड कापून देईल असा माणूस मला एकच माहीत होता. काका. पनवेलचेच, कोकणातल्या ज्यू घरातले. उभी हयात मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीत नोकरी, मुलं कधीच इस्राएलला गेली, आणि हे स्टेशनजवळच्या तळमजल्याच्या घरात एकटे, वय पंच्याऐंशी. मी कॉलेजात असताना त्यांच्याकडे वायरी गुंडाळायला जायचे, तिथूनच मला हा नाद लागला. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारातून त्यांनी रेकॉर्ड कापायचं मशीन उचललं होतं आणि ते देवघरासारखं जपलं होतं. शनिवारी त्याला हात लावत नाहीत. "आमचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे," म्हणतात, "माझा हा घाणा."

मी सीडी घेऊन गेले. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "सीडीसाठी केलेलं रेकॉर्डवर घालणार आहेस?"

"मूळ नाही राहिलं, काका."

"बरं," ते म्हणाले. नुसतं "बरं", पण माझी मान खाली गेली.

त्यांच्याकडे कोऱ्या प्लेटी तीनच उरल्या होत्या. ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्यावर लाखेसारखा काळा थर. हिऱ्यासारखी धारदार सुई त्यात नागमोडी चर कापत बाहेरून आत जाते, आणि कापलेला थर केसासारखा बारीक धागा होऊन वर येतो, तो ब्रशने उचलत राहायचं. तिथे सीडीचे लाड चालत नाहीत. आवाज जितका जोरात तितका चर जास्त हलतो आणि तितकी जास्त जागा खातो. खर्ज डाव्या किंवा उजव्या स्पीकरकडे फार गेला तर सुई उडते, म्हणून तो मधे आणावा लागतो. "स" आणि "श" टोचतात, म्हणून ते मऊ करायचे. मधल्या गोल कागदाजवळ चराचा वेढा लहान होतो आणि आवाजाची चमक जाते, म्हणून शांत भजन शेवटी ठेवायचं. प्लेटला कापण्याजोगी बाजू एकच, आणि तिच्यावर वीस मिनिटं, फार तर. आठांतली चार भजनं बसणार होती. ती बाबांनी निवडली, आणि नेमकं त्यात ते तिसरंही होतं, ज्यात आई एकदम वरच्या सुरात जाते.

रविवारी दुपारी बसलो. त्यातही मालगाड्यांची भानगड. गाडी गेली की जमीन धडधडते आणि ती धडधड चरात उतरते. काकांना पनवेलच्या सगळ्या मालगाड्या पाठ. एक गेली, त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि सुई टेकवली. उजवा हात एका चाकावर. ते चाक फिरवलं की दोन चरांमधलं अंतर वाढतं. मोठा आवाज येण्याआधी अंतर वाढवायचं, तो ओसरला की कमी करायचं. मोठ्या कंपन्यांत हे मशीनच करतं, आमच्या काकांकडे काकाच करतात.

पहिली दोन भजनं व्यवस्थित गेली. तिसऱ्यात आई वर चढली आणि काकांचा हात चाकावर तसाच राहिला. नंतर लावून पाहिलं तर बरोबर तिथे एक चर दुसऱ्यात घुसला होता. सुई अडकली. आईचं एकच अक्षर पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा येत राहिलं. मी पटकन हात घालून उचलली.

"काका, तुमचा हात उशिरा गेला."

ते माझ्यावर कधी चिडत नाहीत. त्या दिवशी चिडले. "हात कधी न्यायचा ते सांगणारं काय ठेवलंयस तू? मला गाणी पाठ नसतात, पोरी. मी गाणाऱ्याचा श्वास ऐकतो. लहान घेतला की समजायचं ओळ साधी आहे. पोटातून ओढला की समजायचं आता वर जाणार, चाक फिरवायचं. आयुष्यभर असंच केलं. हिचा श्वास कुठे टाकलास?"

मी बिघडलेली प्लेट उचलून बाजूला ठेवली. मग मी म्हटलं, मी शेजारी उभी राहून हात करते. ते म्हणाले, तुझा हात बघून माझा हात हलणार, तोवर बाई वर पोचलेली असेल. मग सगळीकडेच अंतर मोकळं सोडा, म्हटलं. "दोनच भजनं बसतील." दोन तर दोन, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि गप्प बसले. दोन बसली असती, पण श्वास घेणारी आई त्यातही नसती, आणि बाबांना नुसती भजनं कुठे हवी होती.

घरी येताना रिक्षात मला ते सुचलं. आज सांगताना ओशाळल्यासारखं होतं, पण तेव्हा फार हुशारीचं वाटलं. आवाज आईचा आहे. श्वास माझा घालायचा. मी तिची मुलगी, बांधा तिचाच, गळाही तिच्याच वळणाचा. श्वासावर नाव थोडंच लिहिलेलं असतं?

बेडरूमच्या कपाटात साड्या टांगलेल्या असतात, त्यात माइक ठेवला की खोलीचा घुमारा येत नाही. मी कपाटात डोकं घालून श्वास घ्यायला लागले. पहिले वीस-पंचवीस टाकाऊ निघाले. योगासनाच्या वर्गासारखे लांब, स्वच्छ, निरोगी. आई अशी कधीच श्वास घ्यायची नाही. मग मी जिना उतरून खाली गेले आणि चार मजले धावत चढले. वॉचमन म्हणाला, मॅडम, लिफ्ट चालू आहे. मी त्याला हात केला आणि पुन्हा उतरले, पुन्हा चढले. तिसऱ्या खेपेला कपाटापाशी पोचले तेव्हा छातीच्या तळातून ती आली. बारीक शिट्टी. पहाटे खिडक्या लावल्यावर यायची तीच.

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. हेडफोनमध्ये मी तो श्वास परत परत ऐकला. आई माझ्या पाठीमागे उभी राहून पदर सावरते आहे आणि आता गाणार आहे, असं वाटायचं. मी वळून पाहिलंसुद्धा. पुढचे आठ दिवस रोज मी जिने चढत होते आणि कपाटात श्वास घेत होते. लहान ओळीला लहान, वरच्या सुराआधी पोटातून. जिथे मी तुकडे जोडून तिला दोन ओळी एका दमात गायला लावलं होतं तिथला सांधा उसवला आणि त्यात चोरटा, घाईचा श्वास बसवला. वर दाबलेला आवाज जमेल तेवढा मोकळा केला. पुसताना एक दुपार लागली होती. भरायला आठ दिवस लागले.

पुढच्या रविवारी काकांनी दुसरी प्लेट ठेवली. मालगाडी गेली, सुई टेकली. पहिला श्वास आला तसे त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या भजनात तो पोटातला श्वास आला आणि त्यांचा हात आपसूक फिरला. चर बाजूला सरकले, आई वर गेली आणि सुखरूप खाली आली. चारही भजनं बसली. काकांनी घाम पुसला.

"सापडला का मग आईचा श्वास?" त्यांनी विचारलं.

"सापडला," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "ही लाखेची आहे, जपून लावा. दर खेपेला सुई थोडं थोडं खरवडते. पंधरा-वीस वेळा नीट वाजेल, मग वरचे बारीक आवाज जायला लागतील. श्वास पहिले जातील." प्लेटचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, वर मला पोह्यांची बशी दिली.

त्याच संध्याकाळी बाबांनी रेकॉर्ड लावली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. सुई खरखरली. मग आईने श्वास घेतला. बाबांची छाती वर आली. तिने ओळ म्हटली, त्यांनी सोडला. तिने घेतला, त्यांनी घेतला. तिसऱ्या भजनात ती वर गेली तेव्हा त्यांचा चेहरा अजिबात काळवंडला नाही. वीस मिनिटं ते एकदाही खोकले नाहीत. मी दाराच्या चौकटीला टेकून रडत होते आणि मनात म्हणत होते, माफ झालं मला.

भजनं संपली. सुई शेवटच्या चरात फिरत राहिली. बाबांनी ती उचलली, बाजूला ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "छान केलंस."

"ऐकू आला ना तिचा श्वास?"

"तिचा?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं तिच्या शेजारी झोपलो मी. ती श्वास घेताना आधी जरा अडखळायची, मग घ्यायची. हा न अडखळता येतो. हा तुझा आहे."

त्यांना राग आला असेल असं वाटलं. पण ते उठून माझ्यापाशी आले आणि त्यांनी हात माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधे, सपाट ठेवला. आईच्या पाठीवर असाच ठेवायचे.

"तुझी छाती कधीपासून वाजते?"

मी म्हटलं, "बाबा, मी जिने चढून आले होते. मुद्दाम. म्हणून वाजत होती."

"जिने मीही चढतो. दम लागतो, शिट्टी वाजत नाही. हिची पहिल्यांदा वाजली तेव्हा हीसुद्धा म्हणाली होती, जिना चढून आले म्हणून." त्यांचा हात पाठीवर तसाच होता. "तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नळीतून फुंकायला लावलं, कागद बघितला आणि मला आईचाच दम्याचा पंप लिहून दिला. तोच रंग, तीच टोपी. आठ दिवस मी ती शिट्टी हेडफोनमध्ये ऐकत होते, नीट बसवत होते, आणि ती कुठून येते हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

रेकॉर्ड बाबांनी पुन्हा लावलेली नाही. घासेल म्हणतात. ती कपाटात आहे, उभी ठेवलेली. सीडीही ते लावत नाहीत आता. दुपारी चारला चहा झाला की ते मला समोर बसवतात, म्हणतात, काही बोलू नकोस, नुसती बस. मी बसते. ते बोट वर करतात. मी श्वास घेतला की खाली घेतात.